धक्का कोणी खायचा?

मोटारीचे सस्पेन्शन हा काय कला महाविद्यालयाच्या वार्षिकात लिहिण्याचा विषय आहे, असे कुणी विचारील, हे गृहीत धरूनच मी लेखणी हाती घेतली आहे. स्प्रिंगा, शॉकअप आणि बुश यांची जागा गॅरेजात. समाज, साहित्य आणि संस्कृती यांची जागा वार्षिकात, अशी वाटणी आपण केव्हाच करून टाकली आहे. पण आपल्यापैकी जे घोडबंदर रोडने रोज येतात-जातात त्यांना ही वाटणी मान्य होणार नाही. ओवळ्याहून निघालेल्या विद्यार्थ्याचे पहिल्या तासाला लक्ष का लागत नाही, याचे उत्तर मानसशास्त्राच्या पुस्तकापेक्षा त्याच्या कमरेत लवकर सापडेल. वाघबीळच्या पुढे राहणारे आमचे काही प्राध्यापक खुर्चीत बसताना एक हात टेबलावर टेकूनच का बसतात, हेही चाणाक्ष विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

या रस्त्यालगतच्या सोसायट्यांतून अलीकडे एक नवी हौस वाढीला लागली आहे. गाडी दचके देते, म्हणून गाडीच बदलायची किंवा गाडीचे सस्पेन्शन बदलायचे. कुणी स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत रबराचे बफर बसवतो, कुणी गाडी दोन बोटे उंच करून घेतो, कुणी परदेशी शॉकअप मागवतो. पार्किंगमध्ये संध्याकाळी या विषयावर जी चर्चा चालते तिची खोली पाहिली की आमच्या चर्चासत्रांची लाज वाटावी. या हौसेला माझा सरसकट विरोध नाही. पण तिच्यामागे एक समजूत दडलेली आहे, की पैसे टाकले की धक्का नाहीसा होतो. माझे म्हणणे एवढेच, की धक्का कधीच नाहीसा होत नाही. तो कुणीतरी खावाच लागतो. रस्त्याने नाही खाल्ला तर गाडी खाते, गाडीने नाही खाल्ला तर माणूस खातो. तेव्हा सस्पेन्शनचा प्रश्न हा मुळात धक्क्याच्या वाटणीचा प्रश्न आहे. आणि वाटणीचा प्रश्न आला की तो अर्थशास्त्राचा झाला, समाजशास्त्राचा झाला, म्हणजेच आपला झाला.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. चाकावर लोखंडी धाव, धाव थेट दगडावर. म्हणून लेकीला बाळंतपणासाठी माहेरी आणायचे झाले की गाडीत पेंढ्याचा जाड थर अंथरीत, त्यावर गोधडी आणि वर लेक. पेंढा हेच सस्पेन्शन! पुढे विलायतेत ओबाडाय इलियट नावाच्या गृहस्थाने १८०४ साली घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगांचे पेटंट घेतले. डनलॉपने १८८८ मध्ये हवेचे टायर आणले. मोटारीने पुढे हे दोन्ही शोध पोटाखाली घेतले. आपल्याकडची अँबेसिडर १९५८ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली; तिच्या मागच्या चाकांवर पाटेच होते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे. तिची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, तेव्हा अनेकांना गलबलून आले. त्या गलबलण्यात मागच्या आसनाच्या मऊपणाचा वाटा थोडा नसावा.

आता यामागचे शास्त्र. मी कला शाखेची विद्यार्थिनी असल्याने ते मला गॅरेजात उभे राहून शिकावे लागले. त्यामुळे वाचकांनाही ते अवघड जाणार नाही. स्प्रिंग धक्का गिळत नाही, ती फक्त तो साठवून ठेवते आणि क्षणभराने परत करते. नुसती स्प्रिंग असलेली गाडी एका खड्ड्यानंतर पाळण्यासारखी डुलत राहील. तिला आवरण्याचे काम शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, करतो. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या खालीवर झाला की ते तेल बारीक छिद्रांतून कष्टाने जाते आणि धक्क्याच्या शक्तीची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून पाहा, तो गरम लागेल. ती ऊब म्हणजे आपल्या मणक्यापर्यंत न पोहोचलेले धक्के. हे शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडिया या कंपनीचा आरंभ १९६१ साली आपल्या शेजारच्या मुलुंडमध्ये झाला, हेही येथे सांगण्यासारखे आहे.

साधारण मोटारीचा सांगाडा स्प्रिंगांवर सेकंदाला एक ते दीड वेळा डुलतो. ही मंद लय माणसाला सोसते. याउलट सेकंदाला चार ते आठ हिसके बसू लागले की ते माणसाच्या धडाला सर्वांत जास्त त्रास देतात. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर डुलण्याचा वेग सुमारे १.४ पट होतो. म्हणजे स्प्रिंग कडक करीत जाणे हे सुखाकडून दुःखाकडे जाणे होय. वजनाचाही येथे संबंध येतो. मालवाहू टेम्पोच्या स्प्रिंगा भरलेल्या मालाचा विचार करून बनवतात, म्हणून रिकामा टेम्पो उड्या मारीत जातो. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने प्रवास केला आहे त्याला आणखी एक नियम पाठ आहे. ते बाक मागच्या चाकांच्याही मागे असते, त्यामुळे गाडीचा मध्य बोटभर हलला की ते बाक वीतभर उडते. बसमध्ये शेवटी चढणाऱ्याला शेवटचे बाक मिळते आणि शेवटच्या बाकाला सर्वांत मोठा धक्का मिळतो. धक्क्याच्या वाटणीचा याहून सोपा धडा कोणता?

मग लोक स्प्रिंगा कडक का करतात? कारण सुखाने बसणे ही सस्पेन्शनची एक बाजू झाली. दुसरी बाजू म्हणजे गाडी हातात राहणे. वळणावर मऊ स्प्रिंगांची गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, ब्रेक दाबला की नाक खाली घालते. कडक स्प्रिंगांची गाडी सपाट राहते, सुकाणूचे लगेच ऐकते. माझ्या थोरल्या भावाचे सगळे म्हणणे याच मुद्द्यावर उभे आहे. तो म्हणतो, "अगं, गायमुखच्या घाटात पुढचा कंटेनर अचानक थांबला तर गाडी सरळ रेषेत थांबायला नको का? आराम काय करायचाय?" युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण तो गुळगुळीत रस्त्यावर खरा आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर फार कडक स्प्रिंगांचे चाक जमिनीला धरून राहत नाही, ते टप्पे घेत जाते. आणि हवेत असलेले चाक वळतही नाही आणि थांबवतही नाही. कच्च्या वाटांवरच्या शर्यतीत धावणाऱ्या रॅलीच्या गाड्यांना म्हणूनच डांबरी रस्त्याच्या मानाने मऊ आणि लांब पल्ल्याच्या स्प्रिंगा घालतात. तात्पर्य, घोडबंदर रोडसारख्या रस्त्यावर सुख आणि सुरक्षितता या दोन सवती नाहीत. ज्या गाडीचे चाक रस्ता सोडत नाही त्या गाडीत बसणाऱ्याला आरामही मिळतो आणि चालवणाऱ्याला ताबाही.

हे मी पुस्तकी बोलत नाही. आमच्या घरात यावर महिनाभर वाद चालला होता. आमची आजी आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी ओवळ्याहून ठाण्यात जाते. जाताना ती गप्प असते, येताना थकलेली असते, आणि दर गतिरोधकाला तिच्या तोंडून "देवा" असा एकच शब्द निघतो. ओवळ्यापासून कापूरबावडीपर्यंत देवाचे नाव किती वेळा घेतले जाते, हे मी मागच्या आसनावर बसून मोजलेले आहे. आमची गाडी नऊ वर्षांची. दादाने पगारातून पैसे साठवले होते आणि त्याच्या मनात मोठी रिमे, बुटक्या टायरांचा संच आणि कडक शॉकअप भरले होते. आजीसाठीच करतोय, असे तो म्हणे, आणि ते खोटे नव्हते. माझे म्हणणे होते, आधी आहे ते तपासू.

मानपाड्याकडच्या एका वयस्क मिस्त्रींकडे आम्ही गाडी नेली. त्यांनी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन सोडला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली आणि मग कुठे थांबली. "एकदा वर येऊन गप्प बसली पाहिजे, ताई," ते म्हणाले. गाडी वर घेतल्यावर दिसले, की पुढच्या एका शॉकअपमधून तेल गळून गेले आहे, लोअर आर्मचे बुश फाटले आहेत आणि लिंक रॉड खिळखिळे झाले आहेत. टायरांत हवाही जास्त होती. पंपावरचा मुलगा प्रत्येक गाडीत एकच आकडा भरीत असे, आणि आमच्या गाडीचा आकडा दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेला असतानाही तो आमच्या घरात कुणी वाचला नव्हता. दादाने मोठ्या रिमांचे विचारताच मिस्त्री म्हणाले, "रिम मोठी म्हणजे रबर कमी. रबर हाच पहिला शॉकअप. तोच कमी केलात तर आजींना काय बसवताय, रिमवर?"

शेवटी कंपनीच्याच मापाचे पुढचे दोन्ही शॉकअप, बुश, लिंक रॉड आणि चाकांचे अलाइनमेंट एवढेच झाले. दादाने साठवलेल्या रकमेतील बराच भाग शिल्लक राहिला. गाडी नवी झाली नाही. पण आजीचे "देवा" निम्म्यावर आले, आणि घाटात गाडी डावीकडे ओढत असे ते थांबले. दादाला अजून वाटते, की मागच्या बाजूला थोडे कडक चालले असते. हा वाद आमच्या घरी चालूच आहे. परंतु त्यातून एक नियम हाती लागला, तो मी वाचकांना बिनधास्त देते. ज्याला आपण सुधारणा म्हणतो ती बहुतेक वेळा दुरुस्ती असते. मेलेले बुश तसेच ठेवून महाग स्प्रिंग घालणे म्हणजे दात किडलेल्या माणसाने सोन्याची कवळी करायला टाकण्यासारखे आहे. आधी हवा, मग टायर, मग बुश, मग शॉकअप, आणि हे सगळे ठीक असूनही उणीव राहिली तरच स्प्रिंग. शिवाय कायदाही विसरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल मालकाला करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याची कडक शब्दांत आठवण करून दिली आहे.

आता कुणी म्हणेल, तुमची गाडी नीट झाली, आजी सुखी झाली, लेख संपला. नाही, लेखाचा खरा विषय येथे सुरू होतो.

फ्रान्समध्ये १९४८ साली सित्रोएन कंपनीने टू-सीव्ही नावाची छोटी गाडी लोकांपुढे आणली. तिची कल्पना ज्यांची, त्या पियर बूलांजे यांनी आपल्या अभियंत्यांना सांगितले होते, की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एक अंडे फुटता कामा नये. गाडी श्रीमंतांसाठी नव्हती, खेडेगावातल्या शेतकऱ्यासाठी होती. तिच्या स्प्रिंगा अतिशय मऊ, आणि पुढची व मागची चाके एकमेकांना अशी जोडलेली, की एका चाकाला बसलेल्या धक्क्यात दुसऱ्यानेही वाटा उचलावा. त्याच कंपनीच्या डीएस या मोठ्या गाडीने २२ ऑगस्ट १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचे प्राण वाचवले. मारेकऱ्यांच्या गोळ्यांनी टायर फुटले, तरी चालकाने ती तशीच दामटून नेली. तिच्या तेल आणि वायूवर चालणाऱ्या सस्पेन्शनची कीर्ती त्या दिवशी जगभर झाली. मला यातली पहिली गोष्ट अधिक मोलाची वाटते. राष्ट्राध्यक्षांसाठी उत्तम सस्पेन्शन कुणीही बनवील. अंडी विकायला नेणाऱ्या शेतकऱ्याला ते मिळावे, असे वाटायला वेगळे मन लागते.

ते मन घेऊन आपण घोडबंदर रोडकडे पाहू या. पोर्तुगीजांच्या काळी या बंदरातून अरबी घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. आज येथे घोड्यांच्या जागी कंटेनर आले आहेत. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून गुजरातकडे जाणारी अवजड वाहने याच रस्त्याने जातात. त्याच रस्त्यावर हिरानंदानी इस्टेटपासून भाईंदरपाड्यापर्यंत उंच इमारतींची रांग उभी राहिली. मधोमध २०१८ नंतर वडाळा–कासारवडवली मेट्रोचे काम सुरू झाले, त्यालाच गायमुखपर्यंतचा तुकडा जोडला गेला; २०२५ च्या सप्टेंबरात या मार्गावर गाडीची चाचणी झाली, पण तोवरची वर्षे रस्त्याने पत्र्यांच्या कुंपणात काढली. पावसाळ्यात गायमुखच्या उतारावर डोंगराचे पाणी उतरते, डांबर खडीला सोडते, आणि मग दुरुस्तीसाठी घाट बंद, वाहतूक वळवलेली, हे चित्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे.

या रस्त्यावरचा धक्का कोण खातो? आम्ही नवे शॉकअप घातले, आमचा वाटा कमी झाला. पण रिक्षाचे काय? चार चाकांची गाडी खड्डा दोन चाकांच्या मध्ये घेऊन निघून जाऊ शकते. रिक्षाचे तिसरे चाक नेमके मधोमध असते. तिला खड्डा चुकवायचा म्हणजे तिन्ही चाकांचा हिशेब करावा लागतो. ती चालवणारा दिवसाचे दहा-बारा तास त्या धक्क्यांवर बसलेला असतो. बसच्या मागच्या दाराशी उभी असलेली, हातात डबा घेतलेली बाई आपले गुडघे वाकवून स्वतःचे सस्पेन्शन स्वतःच होते. आणि स्कूटरवाल्याला तर हा आरामाचा प्रश्नच नाही. पाण्याने भरलेला खड्डा आणि मागून येणारा ट्रेलर यांच्यामध्ये त्याचे आयुष्य असते. मुंबई उच्च न्यायालयाने चांगला रस्ता हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे २०१५ मध्येच सांगितले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. एका खड्ड्याची किंमत रुपयांत लिहिली गेली. ती वाचून समाधान वाटावे की शरम, हे मला ठरवता आलेले नाही.

माझी भीती वेगळी आहे. आमच्या सोसायट्यांत ज्यांचा आवाज अधिकाऱ्यापर्यंत पोहोचतो, ज्यांना अर्ज लिहिता येतो, माहितीचा अधिकार वापरता येतो, तेच लोक आज सस्पेन्शनवर खर्च करून खड्ड्यापासून आपली सुटका करून घेत आहेत. पाणी येत नाही म्हणून टँकर, शाळा नीट नाही म्हणून शिकवणी, रस्ता नीट नाही म्हणून उंच गाडी. प्रत्येक वेळी सामाईक दुखणे आपण खाजगी औषधाने बरे करतो, आणि दुखणे मात्र ज्याला औषध परवडत नाही त्याच्याकडे राहते. गाडी जितकी मऊ, तितका खड्डा दूर. आणि खड्डा दूर गेला की त्याबद्दल बोलण्याची गरज संपली. हा मऊपणा मला टोचतो.

यावर कुणी म्हणेल, की रस्ता दुरुस्त होईपर्यंत आम्ही कंबर मोडून घ्यायची काय? मुळीच नाही. आजीला गाडीत बसवून रस्ता सुधारण्याची वाट पाहा, असे सांगणारी मी नव्हे. पण सस्पेन्शनचीच सुधारणा करायची तर ती योग्य गाडीखाली करावी, एवढे तरी मान्य व्हावे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून असे दिसले, की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते. म्हणजे हानी भाराच्या चौथ्या घाताने वाढते. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये चार टायरांच्या एका आसाची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आली. वर सांगितलेल्या नियमाने हिशेब केला, तर अशा पूर्ण भरलेल्या आसाची प्रत्येक फेरी रस्त्याला पूर्वीच्या सुमारे दीडपटीहून अधिक झिजवते. त्यात कायद्यापेक्षा जास्त भरलेला माल धरलेलाच नाही. आणि ट्रकचे कडक पाटे खड्ड्यावरून जाताना तो भार रस्त्यावर नुसता ठेवीत नाहीत, आपटतात. एक खड्डा ट्रकला उडवतो, उडालेला ट्रक पुढे दुसरा खड्डा पाडतो. युरोपात म्हणूनच हवेच्या फुग्यांचे किंवा तितकेच रस्त्याला सांभाळणारे सस्पेन्शन असलेल्या अवजड वाहनांना काही आसांवर थोडा जास्त भार नेण्याची मुभा आहे. रस्त्याला जपणाऱ्याला बक्षीस, असा तो विचार.

तेव्हा घोडबंदर रोडवर सस्पेन्शन सुधारायचेच असेल तर माझा क्रम असा राहील. पहिला नंबर कंटेनरच्या ट्रेलरांचा, कारण त्यांचे पाटे आपला रस्ता फोडतात. दुसरा रुग्णवाहिकांचा, कारण त्यांतला माणूस स्वतःचे गुडघे वाकवू शकत नाही. तिसरा बसचा, कारण एका बसचे शॉकअप बदलले की एका फेरीत पन्नास पाठी वाचतात. आणि शेवटचा नंबर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्यांचा. आज हा क्रम नेमका उलटा आहे.

या सर्वांत आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? ठराव आणि मोर्चे यांबद्दल मी येथे लिहीत नाही. त्यापेक्षा सोपे एक काम सुचवते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे सर्वसाधारण वाहतुकीसाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा; ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला तो फारसा दचका न देता ओलांडता यावा. आपल्या रस्त्यालगत आणि आतल्या गल्ल्यांत जे आडवे बांध रात्रीतून उगवलेले असतात, त्यांतले किती या मापाचे आहेत? ते मोजायला अभियंता लागत नाही. एक मोजपट्टी, एक दोरी, एक वही आणि रविवारची सकाळ पुरे. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने कापूरबावडी ते गायमुख या पट्ट्यातल्या प्रत्येक गतिरोधकाची उंची-रुंदी लिहावी, प्रत्येक कायमच्या खड्ड्याची जागा नोंदवावी, आणि ती वही संबंधित यंत्रणांकडे पोच घेऊन द्यावी. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी नकाशा काढावा, मराठीच्या विद्यार्थ्यांनी अर्ज असा लिहावा की वाचणाऱ्याला टाळता येऊ नये, आणि अर्थशास्त्राच्या आम्ही एका फेरीत मोडणाऱ्या बुशांचा आणि बुडणाऱ्या तासांचा हिशेब मांडावा.

माझ्या भावाने शिल्लक पैशातून काय घ्यावे यावर आमच्या घरी एकमत होणार नाही, पण पंचवीस मीटरांची मोजपट्टी फार महाग नसते. प्राचार्यांनी परवानगी दिली तर येत्या पावसाळ्याच्या आधीच्या चार रविवारी हे काम होऊन जाईल. पावसाळ्यात ते करता येणार नाही. तेव्हा खड्डे पाण्याखाली असतात, आणि पाण्याखालचा खड्डा मोजायला जो जातो तो बहुधा स्कूटरवर असतो.